आधी दोष पाहून घे

चंद्रपुरात मला खोली मिळाली ती नवव्या दिवशी. ती ज्यांनी दिली त्या बाई, मी ती घेऊ नये म्हणून अर्धा तास माझ्याशी बोलत होत्या.

"हा कोपरा गळते," त्यांनी वर बोट दाखवलं. माडीवरची एकच खोली होती, कवेलूच्या म्हणजे कौलांच्या छपराची. "दरसाल कवेलू फेरून घेते, दरसाल गळते. मे महिन्यात इथी माणूस भाजून निघते. कूलर लावला का लाइन जाते. नळ दिवसाआड येते, तेबी बारीक धार. जिन्याची चौथी पायरी हलते, भिंतीले धरून उतरायचं. पलीकडचा पिऊन येते आन् भजनं म्हणते. आवाज चांगला आहे, पण थांबत नाई. खिडकी सकाळी पुसली का संध्याकाळी कोळशाची धूळ. आन् शेवटचं." इथं त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "मी तोंडानं वाईट आहो. मनात आलं ते बोलून टाकते. मागच्या सालची पोरगी रडून गेली."

मी म्हणाले, "चालेल."

"चालेल म्हणू नको. पाह्यलं का सगळं?"

"पाहिलं."

"चौथी पायरी हलवून पाह्यली?"

ती नव्हती पाहिली. मी खाली गेले, चौथ्या पायरीवर उभी राहिले, अंगाचा भार इकडून तिकडे टाकला. पायरी हलली. बाई वरून बघत होत्या. त्यानंतरच त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

मी भामरागडच्या पलीकडची. आमच्या गावाला तेव्हा पावसाळ्यात रस्ता नसायचा. आश्रमशाळेत शिकले, पुढे अहेरीला राहून बी.एस्सी. केलं, आणि वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी.ला चंद्रपूरला प्रवेश मिळाला. वसतिगृहाची यादी लागायला अजून अवकाश होता, आणि यादीत नाव येईल याची खात्रीही नव्हती. वर्ग मात्र सुरू झाले होते. वसतिगृहातल्या एका मैत्रिणीच्या खोलीत मी लपून राहत होते. तिनं सांगितलं होतं की फार तर आठ दिवस, त्यानंतर बाहेर काढतील.

त्या आठ दिवसांत मी बरीच घरं हिंडले. तीन लक्षात राहिली. पहिल्या घरच्या बाईंनी चहा दिला, आईवडिलांची चौकशी केली, आडनाव विचारलं, गाव विचारलं. गाव ऐकल्यावर त्या कप उचलायला उठल्या आणि म्हणाल्या, "तिकडची आहेस होय. आमच्याकडं मग पोलीस-बिलीस यायचे विचारायला. ह्यांची तब्येत बरी नसते." दुसऱ्या घरात आडनाव सांगेपर्यंत खोली रिकामी होती, सांगितल्यावर ती सकाळीच कुणाला तरी दिलेली निघाली. पाटी फाटकावर तशीच लटकत होती. तिसऱ्या घरी आजोबा हसून म्हणाले, "तुम्ही लोक काय काय शिजवता, आम्हाला वास सहन होत नाही." मी अजून काहीच शिजवलेलं नव्हतं.

म्हणून नवव्या दिवशी, झेरॉक्सच्या दुकानात कुणीतरी या बाईंचं घर सांगितलं तेव्हा मी ठरवूनच गेले. "तिथं कोणी टिकत नाही, पण विचारून बघ," असं तो माणूस म्हणाला होता. जुन्या परकोटाच्या भिंतीला लागून घर होतं. फाटकातून आत पाय टाकल्याबरोबर मी माझं नाव सांगितलं, आणि पुढे मैत्रिणीचं आडनाव जोडलं. अहेरीची आहे म्हणाले. वडील शाळेत शिक्षक आहेत म्हणाले.

बाईंनी यातलं काहीही विचारलं नव्हतं. आडनाव नाही, गाव नाही, वडील काय करतात ते नाही. कागदसुद्धा मागितला नाही. "कागदावर माणूस दिसत नाई," त्या म्हणायच्या. त्यांनी न विचारता मी खोटं सांगितलं, आणि त्यांनी मला न विचारता घराचे सगळे दोष सांगितले. हे दोन्ही पाचेक मिनिटांच्या अंतरानं झालं. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. खोली मिळाली याचाच आनंद होता.

बाई साठीच्या होत्या. उंच, रुंद खांद्यांच्या, केस मानेपर्यंत आखूड कापलेले. सुती पातळ, त्यावर घरात असतानाही मनगटावर पुरुषी घड्याळ. तीस वर्षं त्यांनी कोळशाच्या खाणीवर काटाघरात नोकरी केली होती. काटाघर म्हणजे जिथं ट्रक तोलतात ती जागा. रिकामा ट्रक येताना तोलायचा, भरून जाताना तोलायचा, आणि लिहायचं. त्या सवयीनं त्यांची नजर अशी झाली होती की समोरच्या कुठल्याही वस्तूचं वजन त्या बघून सांगायच्या. भाजीवाल्याच्या तागडीकडे त्यांनी नुसतं पाहिलं तरी तो वर एक वांगं टाकायचा. मी गावाहून परतले की फाटकातच म्हणायच्या, "दोन किलो उतरली. काऊन व, घरी जेवाले देत नाई काय मास्तर?"

मास्तर म्हणजे माझे शिक्षक वडील. जे नव्हते.

मला त्या नावानं हाक मारत नसत. "वरचे, खाली ये," म्हणत. मागच्या खोलीत नर्सिंग शिकणारी एक मुलगी होती, ती "मागची". मला हे सोयीचं होतं. हाकेत आडनाव येत नव्हतं.

दोष आधी सांगायची त्यांची रीत घरापुरती नव्हती. चहा पुढे करताना म्हणायच्या, "दूध सकाळचं आहे, आलं नाई टाकलं." कुणाला उसनी कढई दिली की तिची कडी कशी निसटते ते दाखवून मगच द्यायच्या. रिक्षात बसताना रिक्षावाल्याला सांगायच्या की माझे गुडघे गेलेत, उतरायला वेळ लागेल, नको असेल तर आत्ताच सांग. लोक हसायचे. काही चिडायचेही. समोरच्या घरी मुलीला पाहायला पाहुणे आले होते तेव्हा बाईंना शेजारीण म्हणून बोलावलं. बाईंनी पाहुण्यांना सांगितलं की पोरगी हुशार आहे, कामाची आहे, तिचं डोकं महिन्यातून दोनदा दुखतं तेव्हा ती कोणाशी बोलत नाही, आणि तिला स्वयंपाक आवडत नाही. पाहुणे पोहे खाऊन गेले ते गेलेच. त्या घरानं बाईंशी बोलणं सोडलं. मुलीचं लग्न पुढे तीन वर्षं लांबलं. बाई म्हणायच्या, आधी कळलं ते बरं झालं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. दुसऱ्याचे दोष सांगायचा अधिकार त्यांना कुणी दिला होता? पण हे त्यांना मी कधी म्हणाले नाही. माझ्या तोंडी ते शोभलंही नसतं.

या सवयीचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं. पावसाळा सरत आला होता, आम्ही दोघी ओसरीवर तांदूळ निवडत बसलो होतो. मी सहज विचारलं की नोकरी कशी लागली.

"नवरा गेला म्हणून लागली," त्या म्हणाल्या. हात थांबला नाही. "त्याच्या जागेवर. मी सव्वीस वर्षांची होती. सकाळच्या पाळीले गेला. दहा वाजता त्याच्यासंगचे दोघं घरी आले. म्हणे, पाय मुरगळला, दवाखान्यात ठेवलं आहे. मी म्हटलं, जेवला का? ते म्हणे, नाई. मंग मी पोळ्या केल्या. वांग्याची भाजी केली. डबा भरला, बसनं गेली. तिथी मले बाकड्यावर बसवलं. जो येते तो म्हणते, बसा वहिनी, बोलावतो. साहेब आले, म्हणे बसा. नर्स आली, पाणी देऊन गेली. मी डबा मांडीवर घेऊन तीन घंटे बसली. मधात एकदा डब्याले हात लावून पाह्यला, गार झाला होता. मी नर्सले म्हटलं, बाई, कुठी गरम करता येईन काय? ती तोंड फिरवून गेली."

त्यांनी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"तो सकाळीच गेला होता. मी पोळ्या करत होती तेव्हाच नव्हता. सगळे चांगले लोक होते व. कोणी वाईट नव्हतं. सगळ्याइले माही कीव येऊन राह्यली होती. म्हणून कोणी सांगतलं नाई. तो गेला त्याचं दुःख आहे, ते राह्यनच. पण त्या तीन घंट्याचा मले राग आहे. अजून आहे."

माझ्या सुपातला तांदूळ केव्हाच निवडून झाला होता, तरी मी बोटं फिरवत राहिले. त्या दिवशी मी त्यांना खरं सांगायला हवं होतं. तोंडावर आलंही होतं. पण नोव्हेंबरात परीक्षा होती. सांगितलं आणि खोली गेली तर? मी स्वतःला म्हणाले, परीक्षा झाल्यावर सांगू. परीक्षा झाली. मग म्हणाले, दुसरं सत्र तेवढं नीट सुरू होऊ दे.

खोटं एकदा सांगितलं की त्याला खायला घालावं लागतं. बाई प्रत्येक वेळी मी गावाला निघाले की माझ्या पिशवीत आंब्याच्या लोणच्याची बरणी घालायच्या. "मास्तरले दे. म्हणाव, घरमालकीण तोंडानं वाईट आहे पण लोणचं बरं घालते." मी ती बरणी दोन बसगाड्या आणि पाच किलोमीटर पायवाट तुडवून घरी न्यायचे. बाबा भाकरीला लावून ते लोणचं खायचे आणि विचारायचे, कुणी दिलं? मी म्हणायचे, जिथं राहते तिथल्या बाईंनी. ते म्हणायचे, एकदा येऊन त्यांना भेटायला पाहिजे. मी विषय बदलायचे.

बाईंच्या जाण्याचं आधी सांगून टाकते, कारण मला शेवटी वेगळंच सांगायचं आहे. माझं एम.एस्सी. संपायच्या वर्षी मागची खोली रिकामी झाली आणि वरोऱ्याहून एक मुलगी ती पाहायला आली. मी विहिरीवर कपडे धूत होते. बाई तिला नेहमीसारखे दोष सांगत होत्या. मोरीचा वास येते, खिडकी लागत नाई, उंदीर आहेत. मग त्याच आवाजात म्हणाल्या, "आन् घरमालकिणीच्या फुप्फुसात गाठ आहे. साल-दीड साल काढन म्हणते डॉक्टर. मंग पुतण्या घर विकन, तवा तुले खोली सोडा लागन. तुहं शिक्षण दोन सालचं आहे, म्हणून सांगून ठेवते. आधी पाहून घे."

माझ्या हातातला पिळा तसाच राहिला. मला हे माहीत नव्हतं. त्या मुलीनं खोली घेतली नाही. ती गेल्यावर मी बाईंकडे गेले तर त्या म्हणाल्या, "तू तर आता चालली. तुले सांगून काय होते?" मग जरा थांबून, "चुकलंच. तुलेबी सांगाले पाह्यजे होतं." त्यांच्या तोंडून 'चुकलं' मी तेवढं एकदाच ऐकलं.

त्या दीड वर्ष नाही, तीन वर्षं जगल्या. मी ब्रह्मपुरीला एका महाविद्यालयात शिकवायला लागले होते. शेवटच्या महिन्यात भेटायला गेले तेव्हा पुतण्यानं विचारलं, ह्या कोण? बाईंनी माझं नाव सांगितलं, आणि पुढे माझं खरं आडनाव, एकेक अक्षर सुटं करून. मग म्हणाल्या, "अठ्ठावन्न किलो. बरं आहे आता." आठ दिवसांनी गेल्या. घर विकलं गेलं. आता तिथं तीन मजली इमारत आहे, मी पाहिली आहे.

खरं आडनाव त्यांना कळलं ते जानेवारीत, माझ्या पहिल्याच वर्षी. रविवार होता. दहा-साडेदहाला बाईंनी खालून हाक मारली, "वरचे, तुयाकडं कोणी आलं."

मी खिडकीतून पाहिलं. फाटकात बाबा उभे होते. डोक्यावर गाठोडं, खांद्यावर पंचा, गुडघ्यापर्यंत धोतर, पायात प्लास्टिकच्या चपला. एका हातात मी दिवाळीत लिहून दिलेला पत्त्याचा कागद होता. घामानं त्याची घडी काळी पडली होती. आदल्या दिवशी निघून ते आलापल्लीला नातेवाइकांकडे थांबले होते आणि पहाटेच्या बसनं आले होते. धान झोडून झालं होतं. पोरीला नवा तांदूळ द्यावा म्हणून आले होते.

अंगणात मागची मुलगी केस वाळवत बसली होती, तिच्या दोन मैत्रिणी होत्या. बाई फाटकाशी होत्या. मी जिना उतरले. चौघी माझ्याकडे बघत होत्या.

"कोण व?" बाईंनी विचारलं.

"आमच्या गावचे आहेत," मी म्हणाले. "बाबांनी सामान पाठवलंय."

हे मी मराठीत म्हणाले. बाबांना मराठी बोलायला अवघड जातं, पण समजतं. बाजार, फॉरेस्टचा गार्ड, तेंदूची पानं मोजून घेतात त्या फळीवरचा मुनीम, सगळ्यांशी त्यांना मराठीतच बोलावं लागतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग गाठोडं खाली ठेवलं, बाईंना हात जोडले आणि मान हलवून म्हणाले, "गावचा. गावचा मानूस."

बाई गाठोड्याकडे बघत होत्या. "अठरा किलो," त्या म्हणाल्या. "एवढं डोक्यावर आणलं बस स्टँडवरून? रिक्षा नाई केली?"

"जवळच," बाबा म्हणाले.

बस स्टँड जवळ नव्हता.

बाईंनी त्यांना ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि जेवूनच जा म्हणाल्या. तोवर, कुणीही आलं की दाखवायच्या तसं, त्यांना घर दाखवलं. दोष सांगत सांगत वर आल्या. बाबा मागून येत होते, मी त्यांच्या मागे. गळणाऱ्या कोपऱ्याखाली बाबा थांबले. छपराकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांनी हात वर करून एक कवेलू चाचपलं, मग दुसरं, आणि त्यांच्या मोडक्या मराठीत बाईंना विचारलं, "पानी इथं पडतो? पोरगी इथं झोपतो?" बाई हो म्हणाल्या. बाबांनी वाकून माझी खाट धरली आणि एकट्यानं उचलून पलीकडच्या भिंतीला लावली. उशी झटकली, परत ठेवली. मग भिंतीला धरून जिना उतरले.

जेवताना ते मान खाली घालून जेवले. माझ्याशी एकदाच बोलले, आमच्या भाषेत. आई बरी आहे, काळी गाय व्याली. मी हूं म्हणाले. बाई वाढत होत्या. हात धुऊन बाबा उठले, पंचा खांद्यावर टाकला. दोनच्या बसनं जायचं होतं. फाटकाशी त्यांनी पुन्हा बाईंना हात जोडले आणि म्हणाले, "लोनचं चांगलं. मागचंबी चांगलं होतं."

मी त्यांना सोडायला गेले नाही. गावच्या माणसाला कोण सोडायला जातं? ते वळणावरून दिसेनासे होईपर्यंत मी फाटकाशी उभी होते. मागे वळले तर बाई ओसरीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. मागची आणि तिच्या मैत्रिणी आत गेल्या होत्या.

"तुहा बाप होय ना तो?"

मी फाटकाची कडी लावायला वळले.

"गावचा माणूस कवेलू पाह्यते, समजू शकते. खाट नाई सरकवत." त्या माझ्या जवळ आल्या. आवाज चढलेला नव्हता. "मास्तर कुठी आहे मंग?"

"मास्तर नाहीत," मी म्हणाले. आणि एकदा तोंड उघडल्यावर सगळं बाहेर आलं. तिन्ही घरं, चहाचा कप, फाटकावरची पाटी, न शिजवलेल्या जेवणाचा वास. माझं आडनाव. गाव. त्यांनी आडनाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं, नीट येतं का ते बघावं तसं.

"मी विचारलं होतं काय तुले?"

"नाही."

"मंग?"

"भीती वाटली."

"त्याचं मले काही नाई. भीती वाटली, तू नाव लपवलं. तुही जागा होती, मीबी लपवलं असतं." त्या जरा थांबल्या, श्वास घेतला. "पण मी तुले घराचे दोष सांगतले. छप्पर गळते, तो दोष आहे. पायरी हलते, तो दोष आहे. माहं तोंड वाईट आहे. हे दोष आहेत पोरी. बाप त्याच्यात कुठी बसते? तू त्याले दोषात धरलं. मी नाई धरलं, त्या तीन घराइनं धरलं असन, पण आज इथी तू धरलं."

मला रडू आलं. त्यांनी मला जवळ घेतलं नाही. मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "दीड वाजून गेला. दोनची आहे ना बस? रड नंतर. जाय."

मी पायात चप्पल अडकवून निघाले. कोपऱ्यावर रिक्षा मिळाली. स्टँडवर अहेरीची गाडी लागली होती, इंजिन सुरू होतं. बाबा मागच्या बाजूच्या खिडकीशी बसले होते. रिकाम्या गाठोड्याचं कापड घडी घालून मांडीवर ठेवलं होतं. मी आत चढले आणि त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी विचारलं नाही की का आलीस. सरकून जागा दिली.

कंडक्टर आला तेव्हा मी जवळच्या बल्लारपूरचं तिकीट घेतलं. गाडी शहराबाहेर पडली. समोरून बांबूचे ट्रक येत होते. बाबा एकेका ट्रककडे मान वळवून बघत होते. आमच्याकडचा बांबू ते लांबून ओळखतात.

"बाबा," मी आमच्या भाषेत म्हणाले, "मी खोटं बोलले. तुम्ही माझे बाबा आहात हे मी सांगितलं नाही."

"हो," ते म्हणाले.

"तुम्हाला वाईट वाटलं?"

त्यांनी विचार केला. ते कुठल्याही प्रश्नाचं उत्तर लगेच देत नाहीत. गाडी एका थांब्यावर थांबली, दोन बायका चढल्या, गाडी निघाली.

"मला वाटलं, इथं तसंच म्हणायचं असतं," ते म्हणाले. "ऑफिसात गेलं की चपला बाहेर काढायच्या, साहेब बोलेपर्यंत बोलायचं नाही, तशी प्रत्येक जागेची रीत असते. तू इथं राहतेस, तुला इथली रीत माहीत. तू गावचा म्हणालीस, म्हणून मी पण तसंच म्हणालो." आणि मग त्यांनी माझ्याकडे वळून, थोडं काळजीनं विचारलं, "मी बरोबर म्हणालो ना? तुझं काही बिघडलं तर नाही?"

मी त्यांचा हात धरला. बल्लारपूर आलं तेव्हा मी उतरत नव्हते. त्यांनीच मला उठवलं. "जा. उद्या तुझी शाळा आहे." ते माझ्या एम.एस्सी.लाही शाळाच म्हणायचे. मी खाली उभी राहिले. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवायचा प्रयत्न केला, पण खिडकी उंच होती. बोटं केसांना लागली तेवढीच.

मी परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. बाई ओसरीच्या पायरीवर बसल्या होत्या. दुपारी त्या कधी बाहेर बसत नसत.

"भेटला?"

"हाव," मी म्हणाले.

"काय म्हणे?"

मी त्यांच्या शेजारी बसले आणि बाबा जे म्हणाले ते शब्दाला शब्द सांगितलं. ऑफिसातल्या चपला, साहेब, प्रत्येक जागेची रीत. मी बरोबर म्हणालो ना, हेसुद्धा.

बाईंना कधी शब्द शोधावा लागत नसे. त्या दिवशी पलीकडच्या घरी कुणीतरी भांडी घासत होतं, ती घासून झाली. बाईंनी पदर तोंडाशी नेला, परत खाली घेतला.

"हे त्याले कोणी शिकवलं व?" त्या म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. थोड्या वेळानं त्यांनी तेच पुन्हा विचारलं, अगदी हळू आवाजात, जणू तिथं दुसरं कुणी नव्हतंच.